मिलिमीटरचा हिशोब

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘महाधमनीच्या छोट्या फुगवट्यासह जगताना’. जगण्याकडे येतोच, पण आधी मला मोजण्याबद्दल बोलू द्या. वर्कशॉपमध्ये पोरांना व्हर्निअर धरायला शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. त्यामुळे माझ्याच पोटातल्या वस्तूचं माप कोणी ढोबळपणे सांगितलं, की फुगवट्यापेक्षा मला त्याचाच त्रास जास्त होतो.

प्राथमिक माहिती इथे बहुतेकांना आहे, त्यामुळे एका दमात सांगतो. हृदयातून निघून पोटातून खाली जाणारी ती मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, पोटात साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ किंवा जास्त झाली की तिला ॲन्युरिझम म्हणायचं, आणि साडेपाचच्या आत असेल तर तो छोटा. बहुधा तो दुखत नाही, खुपत नाही. दुसरंच काही शोधताना सापडतो. माझा मूतखडा शोधताना सापडला. खडा नव्हताच.

तर सोनोग्राफीचा पहिला रिपोर्ट आला ४.१ सेंटिमीटरचा. काही महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात गेलो, तिथे ४.४. खाली टाइप केलेलं, ‘३ मिमी वाढ’. बस्स! घरात सुतक आल्यासारखं झालं. मुलगी मला खुर्चीसुद्धा सरकवू देईना. आता मला सांगा, वर्कशॉपमध्ये एखाद्या पोरानं पाइपचा एकदा आतला व्यास मोजला, एकदा बाहेरचा मोजला आणि ‘सर, पाइप वाढला’ म्हणाला, तर मी त्याचं काय केलं असतं? (इथे माझे दोन विद्यार्थी बसलेत, ते हसताहेत. त्यांना माहीत आहे.)

मी परत गेलो आणि ‘चित्र दाखवा’ म्हणून बसून राहिलो. दाखवलं बिचाऱ्यांनी. पडद्यावर चित्र गोठवलेलं असतं. मधे काळा गोल, ते रक्त. भोवती करडी कड, ती भिंत. कडेवर समोरासमोर दोन बारीक अधिकचिन्हं ठेवलेली, त्यांच्यामधे ठिपक्यांची रेघ. त्या रेघेची लांबी म्हणजे आपला रिपोर्ट! पहिल्या केंद्रानं चिन्हं भिंतीच्या आत ठेवली होती, दुसऱ्यानं बाहेर. दोन्ही रीती मान्य आहेत. ब्रिटनच्या तपासणी कार्यक्रमात आतून आत मोजतात, इतर अनेक ठिकाणी बाहेरून बाहेर. पण एवढ्यानंच तीन-चार मिलिमीटर इकडचे तिकडे होऊ शकतात. शिवाय प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ते यंत्र, तिरका पडला की गोलाचा लंबगोल होतो आणि माप फुगतं. प्रत्येक ठोक्याला भिंतही हलते. सीटी स्कॅनचा आकडा तर सोनोग्राफीपेक्षा सहसा मोठाच येतो. आणि छोट्या फुगवट्याची खरी वाढ किती? सरासरी वर्षाला २-३ मिलिमीटर. म्हणजे मोजमापातली त्रुटी आणि वर्षाची वाढ जवळजवळ सारखीच, आणि त्यावर आपण रात्रभर जागायचं!

म्हणून माझा हट्ट असा: शक्यतो केंद्र तेच, पद्धत तीच, जुने रिपोर्ट सोबत, आणि ‘आतून की बाहेरून’ हे कागदावर लिहून घ्यायचं. लाजायचं नाही.

कोणीतरी आइनस्टाइन काढणारच, म्हणून मीच काढतो. १९४८ साली त्यांच्या फुगवट्याभोवती सर्जननी सेलोफेन गुंडाळलं होतं. हो, तोच चकचकीत कागद! कृत्रिम नळी बसवायचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. १९५५ मध्ये तो फुटला, त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि गेले. आज परिस्थिती...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता जगण्याचं पटापट.

‘मग आत्ताच कापून का टाकत नाहीत?’ कारण हे तपासून झालंय. ब्रिटनमध्ये १९९८ ला आणि अमेरिकेत २००२ ला मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: साडेपाचच्या आत लवकर शस्त्रक्रिया करून माणसं जास्त जगली नाहीत. म्हणून साधारणपणे पुरुषांना साडेपाच, बायकांना पाचच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. फार वेगानं वाढला किंवा दुखू लागला तर आधीही. तोवर मधूनमधून सोनोग्राफी. किती दिवसांनी, ते आकारावर ठरतं आणि डॉक्टर ठरवतात. स्वतःच्या मनानं दर महिन्याला धावू नका.

सिगारेट सोडा. यादीत हे एकच असतं तरी चाललं असतं. तिच्यामुळे तो लवकर वाढतो, लवकर फुटतो. ब्लडप्रेशर ताब्यात ठेवा. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी बहुधा हृदयासाठी असते, कारण आपल्यासारख्यांना हार्ट अटॅकचा धोकाही मोठा असतो. मधुमेहींमध्ये हा फुगवटा हळू वाढतो, पण म्हणून साखर वाढवून घेऊ नका! चाला, फिरा, नेहमीची कामं करा. दम कोंडून फार जड उचलणं मात्र टाळा. काही अँटिबायोटिक्स, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातली, या दुखण्यात शक्यतो टाळतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी फुगवट्याचं आधी सांगा. भावंडांना आणि मोठ्या झालेल्या मुलामुलींनाही तपासणीबद्दल विचारायला सांगा.

शेवटचं. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ, सोबत भोवळ, घाम, तर घरी पडून वाट बघायची नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि दारातच म्हणायचं, ‘मला महाधमनीचा ॲन्युरिझम आहे.’ हे वाक्य घरच्यांनाही पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी आपल्याला बोलता येईलच असं नाही.

अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न बाहेर घेऊ.