बुडालेल्या मुलाला आधी श्वास

[दृश्य: पोहण्याच्या तलावाचा उथळ भाग. सहा मुलं खेळताहेत. पाण्याचा, हसण्याचा आवाज.]

या दृश्यात सहा मुलं आहेत. डावीकडचं मूल बुडतंय. म्हणजे बुडण्याचा अभिनय करतंय. त्याला उत्तम पोहता येतं आणि प्रशिक्षक शेजारीच आहेत. पण तुमचं लक्ष त्याच्याकडे गेलं होतं का?

आता नीट पाहा. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, शरीर उभंच्या उभं. पाय मारणं जवळजवळ थांबलंय. हात मदतीसाठी वर येत नाहीत, दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबताहेत. तोंड क्षणभर वर येतं तेव्हा धड श्वासही घेता येत नाही, मग हाक कुठून मारणार? अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी 1970च्या दशकात या हालचालींचं बारकाईने वर्णन केलं. मूल दिसेनासं व्हायच्या आधी हा झगडा साधारण 20 ते 60 सेकंद चालतो. ओरडणारं, हात हलवणारं मूलही संकटात असतंच, पण त्याच्याकडे निदान लक्ष तरी जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

[दृश्य: न्हाणीघर. अर्धी भरलेली बादली.]

इतक्या लहान मुलाला तलावच लागतो असं नाही. नुकतं चालू लागलेलं मूल वरच्या अंगाला जड असतं. बादलीत डोकावताना तोल गेला की डोकं खाली आणि पाय वर. स्वतःला मागे रेटण्याइतकं बळ हातांत नसतं, आणि भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही. नाक-तोंड बुडायला पाच-सहा सेंटिमीटर पाणी पुरतं. वापर झाला की बादली, टब, पिंप रिकामं करून पालथं घाला. बाळाला टबात बसवायची खुर्ची ही आईबापांचे हात मोकळे करणारी वस्तू आहे, बाळाला वाचवणारी नव्हे. ‘मी आलोच’ म्हणून टॉवेल आणायला जायचं असेल तर बाळही बरोबर न्यायचं.

घराला लागून तलाव असेल तर कुंपण चारही बाजूंनी हवं, किमान 1.2 मीटर उंच, आपोआप बंद होऊन अडकणाऱ्या फाटकाचं. नेहमीची चूक अशी, की तीन बाजूंना कुंपण घालतात आणि चौथी बाजू घराची भिंत समजतात. त्याच भिंतीत मागचं दार असतं आणि मूल त्याच दारातून पाण्यापाशी पोचतं.

माणसं जास्त असली की धोका कमी होतो, हाही भ्रमच. प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. त्यासाठी नाव घेऊन एकालाच नेमा, पंधरा मिनिटांची पाळी ठेवा. त्या वेळात त्याच्या हातात फोन नको, गप्पा नकोत. अगदी लहान मूल हात लांब केला की हाताला लागेल इतकं जवळ असावं. दंडात घालायचे हवेचे फुगे खेळणी आहेत, निसटतात, फुटतात. अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट वेगळं.

[दृश्य: काठावरून दोरी, काठी, रिकामा हवाबंद डबा.]

मूल बुडताना दिसलं की उडी मारायची ऊर्मी येते. पोहता येत नसेल तर थांबा. काठावर आडवे पडून काठी पुढे करा, दोरी टाका, तरंगणारं काहीही फेका.

[दृश्य: सरावाचा पुतळा, कडक जमिनीवर.]

मूल बाहेर आलं. हाक मारा, खांद्याला हलवा. प्रतिसाद नसेल तर श्वास तपासा. त्यात दहा सेकंदांहून जास्त घालवू नका. मधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. शेजारी कोणी असेल तर त्याला आपत्कालीन क्रमांक लावायला सांगा. एकटे असाल तर फोनचा स्पीकर चालू करून जमिनीवर ठेवा. जवळ फोनच नसेल तर आधी दोन मिनिटं सीपीआर, म्हणजे तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं, मग मदत आणायला जा.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबतं तेव्हा रक्तात काही मिनिटांपुरता ऑक्सिजन असतो, म्हणून तिथे नुसता छातीदाबही चालून जातो. बुडालेल्या मुलाचं उलटं असतं. आधी ऑक्सिजन संपतो, त्यामुळे हृदय मंदावतं, मग थांबतं. नुसती छाती दाबली तर ऑक्सिजन नसलेलं रक्तच फिरत राहतं. कधी श्वास बंद पडलेला असतो पण हृदय अजून चालू असतं. अशा वेळी सुरुवातीचे काही श्वासच काम करून जातात. म्हणून सुरुवात श्वासांनी करायची. युरोपीय पद्धतीत ते पाच असतात, अमेरिकी पद्धतीत दोन. तुम्हाला जे शिकवलं असेल ते करा.

हनुवटी उचला. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं सरळ ठेवा. फार मागे नेलं तर मऊ श्वासनलिका दबते. मोठ्या मुलाचं डोकं थोडं मागे. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. मोठ्या मुलाचं नाक चिमटीत धरा. एक सेकंद हळू फुंका, छाती उचललेली दिसली की पुरे. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. छाती उचललीच नाही तर डोकं पुन्हा नीट करा.

मग 30 दाब, 2 श्वास, आणि हेच चालू. दाब छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश: बाळाला सुमारे 4 सेंटिमीटर, मोठ्या मुलाला 5. बाळाच्या छातीला दोन्ही हातांचा वेढा घालून दोन अंगठ्यांनी दाबा. वेढा बसत नसेल तर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने. वेग मिनिटाला 100 ते 120.

[ध्वनी: मिनिटाला 110 ठोके, पंधरा सेकंद. निवेदन थांबतं.]

बहुतेकांना वाटतं त्याहून हा वेग जास्त आहे, आणि दाबही जास्त लागतो. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.

तोंडातून फेस येत राहील. तो पुसत बसू नका, श्वास चालू ठेवा. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा सुरू. पोट दाबून पाणी काढणं, पायांना धरून उलटं लटकवणं, गरगर फिरवणं, हे सगळं सोडा. पोटातलं पाणी मुलाला मारत नाही; ते काढण्याच्या नादात गेलेला वेळ आणि फुप्फुसात गेलेली उलटी मारते. चार ते सहा मिनिटं ऑक्सिजन नसेल तर मेंदूला इजा होऊ लागते. रुग्णवाहिका क्वचितच तेवढ्यात पोचते.

एईडी, म्हणजे गरज असेल तर हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आलं तर छाती कोरडी करून पट्ट्या लावा. पण ते येईपर्यंत हात थांबवू नका. मूल शुद्धीवर आलं, हसू लागलं, तरी ज्याला श्वास द्यावा लागला त्याला रुग्णालयात न्यायचंच. फुप्फुसाचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. खोकला थांबत नाही, धाप लागते, मूल पेंगतंय, ही त्याची लक्षणं.

[दृश्य: प्रशिक्षण वर्ग. पालक पुतळ्यांवर सराव करताहेत.]

या पुतळ्याचा पूर्वज नॉर्वेच्या आसमुंद लेर्डल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने 1960 मध्ये बाजारात आणला. त्याआधी त्याने स्वतःच्या लहान मुलाला बुडताना वाचवलं होतं. पुतळा लागतो, कारण 5 सेंटिमीटर म्हणजे किती, हे व्हिडिओ पाहून हाताला कळत नाही. हा व्हिडिओ पाहूनही नाही.

वर्गाला नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारा: श्वास देणं शिकवतात का, आणि बाळाचा पुतळा आहे का? बरेच छोटे वर्ग फक्त प्रौढांचा छातीदाब शिकवून थांबतात. आणि हात काही महिन्यांतच विसरू लागतात, म्हणून उजळणी कधी असते तेही विचारून ठेवा. मुलाला घरी सांभाळणारं जे कोणी असेल, आजी, आजोबा किंवा ताई, त्यांचंही नाव त्याच वेळी घाला.