कोवळ्या लाकडाची तुळई

मंडळी, आधी हा तुकडा हातात घेऊन बघा आणि पुढे द्या. न्यूझीलंडचा पाइन. कांडला बंदरात ओंडके उतरतात, गांधीधामला चिरले जातात आणि आपल्याकडे खोकी नाहीतर सेंट्रिंगच्या फळ्या होऊन येतात. म्हणून आपल्या लेखी ते 'खोक्याचं लाकूड'. न्यूझीलंडमधल्या बहुतेक घरांचा सांगाडा मात्र याच लाकडाचा असतो.

कडेवरची वलयं बघितलीत? केवढी रुंद आहेत! पंचवीस-तीस वर्षांत हे झाड कापायला येतं. आपला सुतार सांगतो, पांढरं टाका, गाभा घ्या. सागाला ते बरोबरच आहे. इथे उलटं. पहिल्या दहाएक वर्षांत मध्याभोवती जे लाकूड धरतं, ते कोवळं. त्याच्या पेशींच्या भिंतीतले बारीक धागे उभे नसतात, स्प्रिंगसारखे तिरके गुंडाळलेले असतात. रोपाला वाऱ्यात मोडायचं नसतं, वाकायचं असतं. झाडाचं शहाणपण, आपली डोकेदुखी! कारण या भागाचा ताठपणा बाहेरच्या लाकडाच्या निम्म्यावरही येतो. वाळताना ते लांबीतही आखडतं. एका अंगाला कोवळं, दुसऱ्याला जून अशी फळी असली, की तिचं धनुष्य झालंच म्हणून समजा.

मग तुळई कशी करायची? घरातली तुळई बहुधा मोडत नाही, झोल खाते. आणि ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो. सहा इंच उंचीची तुळई साडेसात इंच केलीत, की ताठपणा जवळजवळ दुप्पट. म्हणजे निम्म्या ताठपणाच्या लाकडाला उंची फक्त पावपट जास्त लागते. हेच रुंदी वाढवून साधायला गेलात, तर लाकूड दुप्पट लागेल. तरी आपल्याकडे चौकोनी तुळईचा हट्ट सुटत नाही. दिसायला भरभक्कम दिसते ना! उंच तुळई कलंडू नये म्हणून मध्ये ठोकळे मारा, झालं.

न्यूझीलंडमध्ये ओंडक्याच्या टोकावर हातोडा मारून आवाज लाकडातून किती वेगाने जातो ते मोजतात. वेगाचा वर्ग गुणिले घनता, हा ताठपणा. आपले जुने सुतारही वासा ठोकून बघतात, पण ते शोधतात पोकळी.

राहिली ओल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने घराच्या सांगाड्यात औषध न मारलेला सुका पाइन चालवून घेतला. बाहेरच्या भिंतींतून पाणी झिरपलं आणि हजारो घरांचे सांगाडे आतल्या आत कुजले. २००४ मध्ये नियम पुन्हा कडक झाले. आपल्या कोकणात तर चार महिने पाऊस, वर वाळवी. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने मला 'प्रेशर ट्रीटमेंट', म्हणजे दाब देऊन औषध आतपर्यंत भरलेल्या, म्हणून हिरव्या फळ्या दिल्या. शंका आली म्हणून एक मधोमध कापली. हिरवा रंग नखाच्या जाडीएवढाच आत गेला होता. ती फळी तिथे टेबलावर ठेवली आहे. जाताना बघून जा.