डोंगरावरनं उतरल्यावर

श्रोतेहो, प्रभूमध्ये सगळ्यांना सलाम.

आपल्यातले बरेच जण सुट्टीत मंडळीच्या (चर्चच्या) रिट्रीटला, कन्वेन्शनला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, जाऊन आले असतील. तिथं रात्री उशिरापर्यंत गाणी, प्रार्थना, डोळ्यांना धार लागलेली, वाटतं आता सगळं बदललं, आणि सोमवारी घरी येऊन बघावं तर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं डायपर बदलायचंय, संडे स्कूल घ्यायला कुणी तयार नाही, मंडळीतलं भांडण जिथल्या तिथं. मग मनात येतंच की तिथं एवढा जवळ वाटणारा देव इथं का जाणवत नाही?

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय काढा. डोंगरावर तीन शिष्यांसमोर येशूचं रूपांतर झालं, तो तेजानं झळकला, जुन्या काळचे संदेष्टे मोशे आणि एलीया दिसले, त्या शिष्यांतला पेत्र म्हणाला इथंच तीन मंडप घालू या. मला तर त्याचं बोलणं अगदी पटतं, कुणाला तिथनं हलावंसं वाटेल? पण खाली आले तर गर्दी, शास्त्री वाद घालतायत, मागं राहिलेल्या शिष्यांना काही जमलेलं नाही, आणि एका बापाचा मुलगा तोंडाला फेस येऊन जमिनीवर लोळतोय. लूक सांगतो, हे दुसऱ्याच दिवशी झालं.

आता बघा, ज्याचं तेज त्या तीन शिष्यांनी नुकतंच पाहिलं तो त्या बापाला काय विचारतो. ह्याला असं कधीपासून होतंय? बाप म्हणतो, लहानपणापासून, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. किती जणांना सांगून झालं असेल हे त्याचं! प्रभू ते ऐकून घेतो, आणि मग मुलाला हाताला धरून उठवतो. शिष्य नंतर घरात विचारतात, आम्हाला का नाही जमलं, तेव्हा तो प्रार्थनेचं सांगतो. म्हणजे हा धडा डोंगरावर नाही मिळाला हं, खाली हरल्यावर मिळाला.

आपल्या केडगावचंच घ्या ना. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, दुष्काळातनं वाचवून आणलेल्या मुली रडून रडून प्रार्थना करत होत्या, लांबून लोक बघायला आले. पण तेवढ्या सगळ्यांचं दळण आणि स्वयंपाक कुणाला चुकला? आणि पंडिता रमाबाई त्यानंतरही वर्षानुवर्षं हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करत बसल्या, 1922 साली वारल्या तोपर्यंत तेच काम, आणि छापखान्यात मिशनमधल्याच मुली छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवत होत्या. संजीवनाची गोष्ट आपण हौसेनं सांगतो, ह्या खिळ्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर आज तुम्हाला काहीच जाणवत नसलं तरी ज्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं आजारी आहे तिथं जा. तुमची साक्ष, देवानं तुमच्यासाठी काय केलं ते, नंतर सांगा. आधी त्या माणसाला विचारा, असं कधीपासून होतंय, आणि त्याचं सांगून होईपर्यंत घड्याळाकडे बघू नका.