सीरमची एक बाटली आणि तिची फाइल

[दृश्य: शीतपेटी, ५०० मिलिलिटरच्या पिवळसर बाटल्या]

हे सीरम. गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून काढलेलं. प्रयोगशाळेत सगळे याला एफबीएस म्हणतात. पेशी वाढवायच्या तर ४५० मिलिलिटर माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, हे ५० मिलिलिटर घालायचं.

अडचण अशी, की याचा प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या बाटल्यांचा गट, वेगळा निघतो. जनावरं वेगळी, त्यामुळे रक्तातली संप्रेरकंही कमीजास्त. म्हणून जाणते संशोधक दोन-तीन लॉटचे नमुने मागवतात, स्वतःच्याच पेशींवर पारखतात आणि जो मानवला त्याच्या वर्षभराच्या बाटल्या एकदम घेऊन ठेवतात. मधेच लॉट बदलला की पेशी वाढण्याचा वेगही बदलू शकतो. मग पेशींवर तपासायच्या औषधाने फरक पडला की सीरमने, हे कसं सांगणार?

[दृश्य: खरेदी विभाग, फायलींचा गठ्ठा]

सरकारी खरेदी मात्र वर्णन बघते आणि दर बघते. २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे जेम या सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर मिळणारी वस्तू तिथूनच घ्यायची. वर्णन जुळलं की सर्वांत कमी दराचा, म्हणजे ‘एल-१’ पुरवठादार जिंकतो. ‘सीरम, ५०० मिलि’ एवढ्या वर्णनात लॉट कुठे बसवणार? हाच माल का हवा, याचं प्रमाणपत्र जोडता येतं. त्यावर लेखा विभागाची शंका येते आणि फाइल पुन्हा खाली उतरते.

५ जून २०२५ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ही गाठ बरीच सैल केली. केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांचे संचालक आणि कुलगुरू आता संशोधनाचं साहित्य जेमबाहेरून घेऊ शकतात. दरपत्रकांशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाख. चांगला निर्णय, पण फार उशिरा आलेला. आणि राज्य विद्यापीठं चालतात राज्याच्या खरेदी नियमांवर. तिथल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प जेमतेम एका सत्राचा. बाटली येईतो सत्र सरलेलं असतं.

कराचं दुखणं निराळं. संशोधन संस्थांना उपकरणांवर ५ टक्के जीएसटी होता. १८ जुलै २०२२ला ती सवलत गेली आणि बहुतेक उपकरणं १८ टक्क्यांवर गेली. म्हणजे १० लाखांच्या यंत्रामागे १ लाख ३० हजार जादा; जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याला मिळणारी मासिक छात्रवृत्ती, तिच्या आजच्या ३७ हजारांच्या हिशेबाने एका विद्यार्थ्याचे साडेतीन महिन्यांचे पैसे. अनुदान आधीच मंजूर झालेलं, तेव्हा हा फरक रसायनांच्या पैशांतूनच कापायचा.

[दृश्य: दिनदर्शिका, मार्च]

वर्षाचे पैसे ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचे. पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्यामुळे मागण्या मार्चमध्ये एकदम सुटतात आणि परदेशातून मागवलेल्या पेट्या मुंबई विमानतळावर उतरतात त्या ऐन उन्हाळ्यात. आतला कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तो पाणी न होता उडूनच जातो. शुक्रवारी संध्याकाळी सीमाशुल्काचा एक कागद कमी पडला, तर सोमवारी पेटीत उरतो थर्माकोल आणि वितळलेलं सीरम.