सममिती नसेल तर? अमलकुमार रायचौधुरी आणि त्यांचं समीकरण

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. २०२० साली ब्रिटिश गणिती-भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांना नोबेल पारितोषिक मिळालं आणि कृष्णविवरांवर भरपूर लिहून आलं. पेनरोज यांनी १९६५ मध्ये कृष्णविवरांबद्दल जो युक्तिवाद मांडला, त्याच्या कण्याशी एक समीकरण आहे. ते दहा वर्षं आधी कोलकात्याहून प्रसिद्धीला गेलं होतं. ते मांडणारे अमलकुमार रायचौधुरी तेव्हा नुकते तिशी ओलांडलेले होते आणि सापेक्षतेच्या जगात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

त्यांच्या उपेक्षेची गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे, मीही थोडी सांगणार आहे. पण ऐकणारा हळहळतो आणि घरी जातो, आणि त्या माणसाने नेमका कोणता प्रश्न विचारला हे बाजूलाच राहतं. मला बोलायचंय ते त्या प्रश्नाबद्दल.

रायचौधुरींचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ चा, बारिसालचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील शाळेत गणित शिकवायचे. प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.एस्सी., १९४४ मध्ये कोलकाता विद्यापीठातून एम.एस्सी., आणि मग इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत संशोधन. हीच ती संस्था, जिथे रामन यांनी आपलं गाजलेलं काम केलं. तिथे रायचौधुरींच्या वाट्याला प्रयोगाचं काम आलं. त्यात त्यांचा जीव रमला नाही आणि चार वर्षांत हाती काही लागलं नाही. मग आशुतोष कॉलेजात अध्यापकी. या काळात ते सामान्य सापेक्षतेकडे, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताकडे वळले, बरंचसं स्वतःच्या अभ्यासावर. १९५२ मध्ये ते पुन्हा त्याच संस्थेत रुजू झाले, पण अपेक्षा अशी की त्यांनी धातूंच्या गुणधर्मांवर काम करावं. नोकरी टिकवायची तर ते करणं भाग होतं, आणि त्यांनी ते केलंही. सापेक्षतेचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. १९५३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांचा लेख आला: द्रव्य एका जागी कितीही दाटून एकवटता येईल का, या प्रश्नावर.

आता मूळ मुद्दा. १९२२ मध्ये रशियन गणिती फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनची समीकरणं सोडवून दाखवलं की विश्व प्रसरण पावू शकतं. उलट दिशेने मागे जात गेलं, तर एका क्षणी घनता अनंत होते. त्यालाच सिंग्युलॅरिटी म्हणतात. पण फ्रीडमन यांच्या गणितात एक मोठं गृहीतक होतं: विश्व सगळीकडे सारखं आणि सगळ्या दिशांना सारखं. सगळे कण काटेकोरपणे एकाच बिंदूकडे निघाले असतील, तर ते एका बिंदूत गोळा होणारच. खरं विश्व इतकं नेटकं कुठे आहे? त्यामुळे अनेकांचा कल असा की ही सिंग्युलॅरिटी सममितीच्या, म्हणजे या सारखेपणाच्या, गृहीतकातून आलेली आहे. थोडा ओबडधोबडपणा आणा, कण एकमेकांना चुकवून निघून जातील, प्रश्न मिटला.

रायचौधुरींनी विचारलं: खरंच मिटतो का? आणि ते तपासायचं तर सममितीचं गृहीतक मुळातच टाकून द्यायला हवं.

त्यांनी काय केलं ते जवळून पाहू. अवकाशात मोकळे सोडलेले धूलिकण घ्या, गुरुत्वाकर्षणाखेरीज त्यांच्यावर कसलाच जोर नाही. एका कणाभोवतीचे शेजारी मिळून एक चिमुकला गोळा मनात धरा. पुढच्या क्षणी या गोळ्याचं काय होऊ शकतं? एक, तो फुगेल किंवा आकसेल. दोन, घनफळ तेवढंच राहून तो एकीकडे ताणला जाईल, दुसरीकडे दबेल. तीन, तो स्वतःभोवती फिरेल. चौथी शक्यता नाही. फुगण्याचा वेग काळानुसार कसा बदलतो, हे रायचौधुरींचं समीकरण सांगतं.

त्यात द्रव्याचं गुरुत्व तो वेग कमी करतं, हे आपल्याला अपेक्षितच आहे. फिरणं त्याच्या विरुद्ध जातं, फिरणारी वस्तू आकसायला विरोध करते, हेही समजतं. पण समीकरणातलं ताण-दाबाचं पद कुणाच्या बाजूने उभं आहे? ते वर्गात, म्हणजे स्वतःशीच गुणून येतं, म्हणून त्याचं चिन्ह कधीच बदलत नाही, आणि ते गुरुत्वाच्या बाजूने उभं आहे. म्हणजे ज्या ओबडधोबडपणावर सगळ्यांची भिस्त होती, तो आकसणं थांबवत नाही, उलट वाढवतो. मला या कामातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. फिरणं नसेल, गुरुत्वाखेरीज दुसरा जोर नसेल आणि गोळा एकदा आकसू लागला असेल, तर मर्यादित काळात त्याचं घनफळ शून्यावर येणारच, विश्वाचा एकूण आकार कसाही असो.

हा लेख १९५५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त छापून आला. हॅम्बुर्गमध्ये विश्वरचनेचे अभ्यासक हेकमान आणि श्यूकिंग यांच्या लगेच लक्षात आलं की इथे काहीतरी महत्त्वाचं आहे. रशियात भौतिकशास्त्रज्ञ लांदाऊ यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार केला होता, म्हणून काही ठिकाणी दोघांची नावं जोडून लिहितात. १९५९ मध्ये रायचौधुरींच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचे एक परीक्षक होते अमेरिकेतले नामवंत भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर, आणि त्यांनी प्रबंधाची खास प्रशंसा केली. त्याच संशोधकाला नोकरीवर धातूंचं गणित करावं लागत होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धूलिकणांचा गोळा शून्यावर आला म्हणजे अवकाश-काळच (अवकाश आणि काळ मिळून होणारी एकच चौकट) संपला असं लगेच सिद्ध होत नाही. नुसते कणांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील. त्यापुढची पायरी पेनरोज आणि हॉकिंग यांनी १९६५ पासून चढली. त्यांनी हे समीकरण प्रकाशकिरणांना आणि कणांच्या मार्गांना लावलं, आणि त्याला टोपॉलॉजीची, म्हणजे आकारांच्या जोडणीच्या गणिताची जोड दिली. ही साधनं तेव्हा केंब्रिज, लंडन, प्रिन्स्टनच्या चर्चांमधून घडत होती. एकट्याने काम करण्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मला वाटतं, रायचौधुरी एकटे होते म्हणून त्यांचं काम मोठं झालं नाही, एकटे असूनही झालं. रोज वाद घालायला चार सहकारी मिळाले असते, तर पुढची पायरीही कदाचित कोलकात्यात चढली गेली असती. त्यांच्या आयुष्यातली खरी हानी मला ही वाटते.

१९६१ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढची अडीचेक दशकं त्यांनी मुख्यतः पदवीच्या मुलांना शिकवलं. विद्यार्थी त्यांना ‘एकेआर’ म्हणत. स्ट्रिंग सिद्धांतात (मूलकण म्हणजे सूक्ष्म कंप पावणाऱ्या तारा, असं मानणाऱ्या सिद्धांतात) मोठं नाव मिळवलेले अशोक सेन त्यांच्याच वर्गातले. पदवीचे वर्ग घेण्याला संशोधनाच्या हिशेबात किंमत नसते. ती असायला हवी.

आणि प्रश्न? तो त्यांनी सोडला नव्हता. १९९० मध्ये स्पेनचे भौतिकशास्त्रज्ञ सेनोव्हिया यांनी असं एक विश्व आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढून दाखवलं, ज्यात सिंग्युलॅरिटी नाही आणि फिरणंही नाही. रायचौधुरींना ते स्वस्थ बसू देईना. १९९८ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्यांनी उत्तर दिलं. न फिरणारं, खुलं (सगळीकडे अमर्याद पसरलेलं) विश्व सिंग्युलॅरिटीवाचून हवं असेल, तर घनतेसारख्या राशींची सगळ्या अवकाश-काळावर काढलेली सरासरी शून्य यावी लागते. म्हणजे अशी विश्वं गणितात नांदतात, पण आपल्या विश्वाशी त्यांचं नातं जोडणं अवघड आहे. या निष्कर्षावर आक्षेप आले, खुद्द सेनोव्हियांनीही घेतला. मग रायचौधुरींनी पुन्हा लिहायला घेतलं.