ईस्टरच्या तक्त्यातून निघालेला इतिहास

आपण ‘इसवी सन’ सहज लिहून जातो. इसवी म्हणजे ईसाचा, येशूचा. पण ही मोजणी येशूनंतर पाचशे वर्षांनी, एका सणाच्या हिशेबातून आली.

रोम, इ.स. ५२५. डायोनिसियस एग्झिग्वस नावाचा मठवासी ईस्टरच्या तारखांचा तक्ता पुढे वाढवत होता. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. जुन्या तक्त्यातली वर्षं सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून मोजलेली होती. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे तो मरणातून पुन्हा उठल्याच्या, सणावर त्याचं नाव डायोनिसियसला नको होतं. जुना तक्ता २४७ व्या वर्षाशी संपला. त्याने पुढची ओळ लिहिली ५३२, प्रभूच्या देहधारणेपासून, म्हणजे देवाने येशूच्या रूपाने मानवी देह घेतल्यापासून.

तक्त्यात आठ रकाने, दर वर्षाला एक ओळ. पुढे मठांतले लेखनिक कडेच्या कोऱ्या जागेत राजाचा मृत्यू, ग्रहण, दुष्काळ टिपू लागले. मध्ययुगीन युरोपातली वर्षवार बखर बरीचशी या समासात वाढली. ७३१ मध्ये बीड नावाच्या इंग्लिश मठवासी लेखकाने इंग्लंडच्या चर्चचा इतिहास याच सनाने लिहिला. वेगवेगळ्या राजांच्या राज्यवर्षांना एकाच मोजपट्टीवर बसवणं, ही श्रद्धेने इतिहासलेखनाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, चमत्कारकथांपेक्षा कितीतरी मोठी.

चुकाही तिथल्याच. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मतो, आणि बहुतेक अभ्यासक हेरोदचा मृत्यू इ.स.पू. ४ मध्ये धरतात. म्हणजे आरंभबिंदूच काही वर्षं उशिराचा. शून्य वर्ष नाही, त्यामुळे इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येतं, अंतर काढताना एक वजा करायचं राहून जातं.

सर्वांत फसवी अडचण वर्षारंभाची. कुठे वर्ष २५ डिसेंबरला, येशूजन्माच्या दिवशी, बदले, कुठे २५ मार्चला, देवदूताने येशूच्या आईला, मरियेला, त्याच्या जन्माची वार्ता दिली त्या दिवशी, कुठे ईस्टरला. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याचा सम्राट म्हणून झालेला राज्याभिषेक आपण २५ डिसेंबर ८०० ला मानतो. फ्रँक राजांच्या बखरीत तो ८०१ मध्ये सापडतो, कारण त्याच दिवशी तिथे वर्ष बदललं होतं. दोन्ही बरोबर.

अशा नोंदीत वार दिला असेल तर गाठ सुटते. २५ डिसेंबर ८०० ला शुक्रवार होता, पुढच्या वर्षी त्याच तारखेला शनिवार. वार काढायचा आकडाही ईस्टरच्या त्याच तक्त्यात, एका रकान्यात आहे.