पानं अशी का लागतात? निपाणीच्या रानातनं उसाच्या डोळ्यापर्यंत

निपाणीजवळचं हे तंबाखूचं रान. कॅमेरा एका रोपाच्या बरोब्बर डोक्यावर धरलाय. खालची पानं वरच्या पानांच्या फटीतनं कशी बाहेर आलीत बघा. एका पानापासून वर मोजत निघालात तर साधारण आठ पानं चढल्यावर त्याच्या डोक्यावर दुसरं पान येतं, तोवर दांड्याभोवती तीन फेऱ्या झालेल्या असतात.

आता शेंड्यात जाऊ, सगळा खेळ तिथंच आहे. हे जे बारीक बारीक उंचवटे दिसतायत ना ती उद्याची पानं. 1868 मध्ये हॉफमाइस्टर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं सांगितलं की नवीन पान तिथंच फुटतं जिथं आधीच्या पानांनी सगळ्यात जास्त जागा मोकळी सोडलीय. पण रोपाला हे कळतं कसं? तर ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक असतं, ते जिथं साठतं तिथं पान फुटतं. कोवळं पान आपल्या आजूबाजूचं ऑक्सिन स्वतःकडं ओढून घेतं, त्यामुळं शेजारी दुसरं पान उठतच नाही, ऑक्सिन जरा लांब साठतं आणि पुढचं पान तिथं. हेच परत परत होत गेलं की बऱ्याच झाडांत दोन पानांमधला कोन 137.5 अंशाच्या आसपास येऊन बसतो. मोजायला कुणी नाही, पट्टी नाही, कोनमापक नाही!

बांधावरची रुई. पानं समोरासमोर, वरची जोडी खालच्या जोडीला आडवी, वरनं अधिकचं चिन्ह. अंगणातल्या तुळशीचंही तेच. रुईला आपण तण म्हणून फवारा मारतो, पण पानांचा हा हिशोब शिकायला हिच्यासारखं झाड नाही.

ही खानापूरकडची सातवीण. एकाच पेरावर पाच, सहा, सात पानं गोल लागलेली. हा शॉट मुद्दाम लांब ठेवलाय. रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड असल्याच झाडांवर पडते.

आणि हा चिकोडी भागातला ऊस. पानं दोनच ओळींत, एक इकडं एक तिकडं, म्हणून पानाच्या बगलेतले डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, त्याही कांडीच्या दोन बाजूंना. त्यामुळंच दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे लागणीसाठी तोडलेले उसाचे तुकडे, लावताना डोळे बाजूला ठेवतात, नाहीतर एक वर एक खाली होतो आणि खालचा उशिरा उगवतो.